उभी हवा

नाई नाई, दोन उत्तरं आली म्हणजे हवेच्या हिशोबाचा प्रोग्राम बिघडला असं नसते, रश्मी. बस पयले, चहा घे — थंडा होऊन राहिला. तुम्हा भंडाऱ्याच्या पोरींले वाटते, गणित हाय म्हणजे उत्तर एकच असन. मॅंगनीजची खदान हाय बाई हे. एका बोगद्यातली हवा दुसऱ्याच्या भरोशावर, दुसऱ्यातली पयल्याच्या — अन् हवा दुप्पट पायजे तर जोर चौपट लागते, म्हणून सरळ सुटतच नाई. मंग काय करायचं? अंदाज टाकायचा. चुकला तेवढा सुधरवायचा, फिरून टाकायचा. आकडे हलाचे थांबले का झालं उत्तर. काल दुसरा पंखा लावला, तवापासून दोन जागी थांबून राहिले, एवढंच.

हो, पाहिलं मी. जुन्या हवेच्या आकड्यांपासून निघालं का बरोबर येते. तू कायले शून्यापासून सुरू केलं? तुले कोणी सांगतलं? शून्यापासून गेलं का खालची हवा उलटी फिरते — बारूदचा धूर सीधा डब्ब्याच्या जागेवर. आपल्या इथं रीत हाय ना, जेवणाच्या सुट्टीत बारूद उडवतात अन् माणसं ताज्या हवेच्या तोंडाशी डब्बे सोडून बसतात. वर आपल्याले आवाज नाई येत, फक्त कपातला चहा हलते. माहा बाप तिथंच जेवला, आता माहा भाऊ परसराम जेवते. सख्खा भाऊ हाय — ज्याचं जळते त्याले कळते. मंग तुह्या या सुगत साहेबानं, म्हणजे मी, खोटं उत्तर धरलं म्हणशीन का? दोन्ही उत्तरं खरी होती. त्यातलं चांगलं होतं ते धरलं, म्हणून तर आज पाळीची माणसं खाली उतरली.

काय? खरी हवा कोणत्या आकड्यापासून निघाली? मस्करी करतेस काय — हवेले कायचा अंदाज. जुनी हवा वाहूनच राहिली होती, तिच्यावर दुसरा पंखा जोडला, झालं. मधात बंद पडली असती तर गोष्ट वेगळी. तशी सकाळी लाईन गेली होती, पण आली न लगेच. लगेच म्हणजे — मी घरी जाऊन नाश्ता करून आलो, तवा आली. माणसं उतरली नव्हती तवर. मंग पंखेवाल्या तुलारामनं पंखे चालू केले. दोन्ही संगच. हो, संगच — मीच सांगतलं त्याले, टाईम कायले घालवतो म्हणून. सगळी हवा तवा उभीच —

उभीच होती. शून्यावर.

किती वाजले? फोन दे. तो नाई, काळा, खाली खदानीत लागते तो. उचल ना बावा, परसराम. घंटी वाजून राहिली, कोणी उचलत काहून नाई — जेवाले बसला असन. त्याच्या बायकोनं, अंजूनं, आज वांग्याची भाजी देल्ली, मलेही पाठवली. उचल रे.

रश्मी, तू टेबलाले धक्का मारला का?

मंग हा चहा काहून हलून राहिला?