खैरगावकरांची मोकळी जागा

(ऑक्टोबर १९५६. हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या व्हायला पंधरा दिवस उरलेत; कुठल्या वाटणीत नोकरी करायची, ते सरकारी नोकरांनी अर्जात लिहून द्यायचंय. हिमायतनगरातल्या घरात महसूल दफ्तरातले कारकून किशनराव खैरगावकर, त्यांची बायको पार्वतीबाई, आणि घराण्याची वही बाळगणारा म्हातारा भाट दत्तोबा.)

किशनराव: ...आणि म्हणून सांगतो, आमचे पणजोबा उमाजीराव तलवार उपसून, घोड्यावरून या शहरात शिरले! त्यांचा वंशज आंध्रात नोकरी करणार नाही. दरख्वास्तीत मी मराठवाडाच लिहिणार.

पार्वतीबाई: लिहा. पण भाटबुवा खाली का बघतायत, ते आधी विचारा.

दत्तोबा: धनी, घोडा नव्हता. बैल होता.

किशनराव: दर तीन वर्षांनी याच ओसरीवर उभं राहून घोडा गाता की तुम्ही!

दत्तोबा: ते गाणं झालं. गाण्यात बैल शोभत नाही. घडलेलं वहीत असतं, अन् वही वाच असं आजवर कुणी म्हणालंच नाही.

किशनराव: मग आज वाचा. पाच वाजता दफ्तर दरख्वास्ती घ्यायचं बंद करतंय. मूळ गाव, गाव सोडल्याचं कारण, सगळं अस्सल पाहिजे मला.

दत्तोबा: गाव खैरगावच. पण तिथं एकही खैरगावकर नाही. तिथं तुम्ही ढगे.

पार्वतीबाई: अय्यो! मग वीस वर्षं मी कुणाच्या घरात नांदतेय?

दत्तोबा: गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतं, वहिनी? उमाजी इथं आला, बेगम बाजारात मालाची गाडी हाकू लागला. मुनशीनं विचारलं कुठला, आणि खैरगावकर लिहून मोकळा झाला.

पार्वतीबाई: बघा. गाव सुटलं म्हणून आडनाव मिळालं. आता परत जाऊन ते घालवायचं? नक्को. माझी आई दोन गल्ल्यांवर. मनकर्णा इथल्या शाळेत रुळलीय, पोरीला मराठी वाचताना घाम फुटतो.

किशनराव: म्हणूनच जायचं! नांदेडला नेमणूक मिळेल, तिथून गाव चार कोसांवर. दत्तोबा, पणजोबांनी गाव का सोडलं?

दत्तोबा: पोळा. तोरणाखालून पहिला बैल थोरल्या भावाचा, हिम्मतराव ढग्यांचा, हा मान. त्या वर्षी उमाजीनं आपला बैल पुढं दामटला. तोरण बैलाच्या शिंगात अडकलं, थोरल्याचा हात उमाजीच्या मुस्काटात बसला.

किशनराव: आणि तलवार?

दत्तोबा: हातात कासरा होता. बैलाची झूलही न उतरवता निघाला. म्हणाला, बोलावल्याशिवाय वेशीत पाय ठेवणार नाही.

पार्वतीबाई: आणि बोलावलं नाही ना कुणी? मग झालं तर! एवढ्या मानी माणसाचे पणतू तुम्ही, बिनबोलावता निघालात? लिहा आंध्र.

दत्तोबा: बोलावलं होतं, वहिनी.

किशनराव: कुणी?

दत्तोबा: थोरल्यानंच. पुढच्याच पोळ्याला माझ्या आज्याजवळ निरोप दिला. 'ये म्हणावं, बैल तुझा पुढं.' आज्या इथं आला, जेवला, आणि निरोप गिळून परत गेला.

किशनराव: का पण?

दत्तोबा: भाऊ एक झाले की चूल एक. दोन चुली म्हणजे भाटाला दोन धोतरजोड्या.

पार्वतीबाई: सत्तर वर्षं? एका धोतरापायी?

दत्तोबा: उपरणंही असायचं.

किशनराव: आणि तुम्हीही गप्प बसलात!

दत्तोबा: बसलो. आता पोरगा रेल्वेत लागला, वही घेत नाही. हे कुणाच्या डोक्यावर ठेवून मरू? अन् ढग्यांचा बैल तेव्हापासून पहिला निघत नाही, धनी. तोरणाखालून आधी मोकळी जागा जाते. एक बैल जाईल एवढा वेळ सगळं गाव थांबतं, मग थोरल्या घरचा बैल सोडतात.

पार्वतीबाई: अजून?

दत्तोबा: यंदासुद्धा. थोरल्याचे पणतू तातेराव टोपी काढून उभे होते. वाजंत्रीही थांबली होती.

किशनराव: ...पार्वती, दौत दे. पर्याय, मराठवाडा. कारणाच्या रकान्यात काय लिहू?

पार्वतीबाई: लिहा, बोलावणं आलंय.

किशनराव: तू तर नक्को म्हणत होतीस.

पार्वतीबाई: बिनबोलावता नक्को म्हणत होते.

दत्तोबा: मी उद्याच निघतो धनी. उमाजीचं घर येतंय, असा निरोप देतो.

किशनराव: तुम्ही निरोप देऊ नका, दत्तोबा. मी कार्ड टाकतो.

पार्वतीबाई: टाका. आणि कार्डावर जागा उरली तर त्या तातेरावांना एवढं विचारा, नांदेडात पाणी नळाचं की विहिरीचं.