पुढची चाके मोकळी

नाव : सौ. धम्मशीला नागेश वाव्हळे, वय ४३ वर्षे, व्यवसाय : प्राथमिक शिक्षिका, राहणार वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी.

मी आज स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, मी वरील ठिकाणी पती व सासूसह राहते. पती परभणीला नोकरीस असून सुट्टीलाच घरी येतात. माझी शाळा गावापासून आत एका वस्तीवर आहे. तिकडे जाणारी पाणंद काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात तिच्यावर मोटारसायकल चालत नाही, बैलगाडीही अडते.

त्यासाठी माझे वडील सिद्धोधन खिल्लारे यांनी त्यांची जुनी जिप्सी मला दिली. गाडी सन २००४ची, पेट्रोलची, तेराशे सीसीची, वर कापडी हूड असलेली आहे. चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. वजन टनाच्या आत असल्याने ती चिखलात लवकर रुतत नाही. नेहमीच्या गेअरशेजारी दुसरी एक दांडी आहे. एरवी इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेले हब, म्हणजे फिरत्या टोप्या, हाताने फिरवून लॉक केले आणि ही दांडी ओढली की चारही चाके ओढू लागतात. दांडी अजून मागे घेतली की गाडी हळू चालते, पण जोर दुप्पट होतो. मला हे वडिलांनी शिकवले आहे. वस्तीवरच्या बाळंतिणी आणि आजारी माणसे मी याच गाडीतून दर पावसाळ्यात बाहेर काढली आहेत. गाडी कधी अडकली नाही.

यंदा मे महिन्यात पुढच्या ब्रेकच्या कामासाठी मी गाडी मानवत येथील गॅरेजवाले योगीराज होगे यांच्याकडे टाकली. त्यांनी आठवडाभर ठेवून परत दिली. ब्रेक चांगले लागत होते. जून-जुलैत पावसाने ओढ दिली, पाणंद कोरडी होती. त्यामुळे दुसरी दांडी ओढायची वेळ आली नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस सुरू झाला, पण सुरुवातीला पाणंद वरवरच भिजत होती, गाडी मागच्या चाकांवरच निघत होती. एके दिवशी मी शाळेत पोहोचल्यावर मोठी सर येऊन गेली आणि दुपारी शाळा चालू असताना वस्तीवरचे शेतकरी बन्सीधर गिराम धावत आले. ते म्हणाले, "मॅडम, हिला पान लागलंय. गाडी काढा." त्यांच्या पत्नी बायनाबाई कापसात खुरपत असताना त्यांच्या पायाला घोणस चावली होती. मी वर्ग सोडून गाडी काढली. बायनाबाईंना मागे आडवे केले. त्या शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "बाई, लय आग व्हायलीय." मी म्हणाले, "मावशी, आत्ता सेलू येतंय."

पाणंदीच्या उतारावर चिखल सुरू होण्याआधी मी खाली उतरून दोन्ही हब लॉक केले, दांडी ओढली. चारही चाके जोडल्याचा स्टिअरिंगसमोरचा दिवा लागला. गाडी चिखलात शिरली आणि मधोमध थांबली. मागची चाके जागेवर फिरत होती. मी जोराच्या गेअरला टाकून पाहिले, मागे-पुढे करून पाहिले. बन्सीधरमामांनी पऱ्हाट्या उपटून चाकाखाली घातल्या. पुढची चाके हलली नाहीत. मी डोके बाहेर काढून बघत होते. ती चाके चिखलात नुसती उभी होती.

शेवटी शेतातल्या माणसांनी बाज आणून बायनाबाईंना खांद्यावर घेतले आणि चिखल तुडवत डांबरी रस्त्यापर्यंत नेले. तिथून ऑटोने सेलूला, सेलूहून परभणीला. तोवर लघवीतून रक्त जात होते. परभणीला डॉक्टरांनी सांगितले की औषध उशिरा मिळाल्यामुळे मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. बायनाबाई त्याच आठवड्यात वारल्या.

गावात बोलले जाऊ लागले की मॅडमने गाडी चिखलात घातली. बाईमाणसाच्या हाती गाडी दिली की असेच होते, असे माझ्या सासूला दुकानावर ऐकवले गेले. मी अंत्यविधीला गेले तेव्हा बन्सीधरमामा माझ्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर मी ट्रॅक्टरने गाडी ओढून घरी आणली. पुढचे एक चाक जॅकवर उचलले, हब लॉक केले, दांडी ओढली, गाडी गेअरमध्ये ठेवली. अशा वेळी ते चाक हाताने फिरता कामा नये. ते सायकलच्या चाकासारखे फिरले. मी बन्सीधरमामांना बोलावून घेतले आणि त्यांना चाक फिरवायला सांगितले. त्यांनी फिरवले. मी समजावून सांगितले, हे फिरायला नको होते. त्यांनी पुन्हा फिरवले. मी थांबा म्हणाले तरी ते फिरवतच राहिले.

सेलूच्या दुसऱ्या मेस्त्रीने आमच्या दोघांसमोर पुढच्या चाकांमधला, दोन्हीकडे जोर वाटून देणारा लोखंडी गोळा उघडला. त्याच्या आतली दातेरी चक्रे नव्हती. चाकांपर्यंत जोर नेणारे दोन्ही बाजूंचे एक्सलचे दांडे नव्हते. झाकण मात्र नव्या पॅकिंगने नीट बंद केलेले होते.

मी आणि बन्सीधरमामा मानवतला गेलो. योगीराज होगे प्रथम म्हणाले, "ताई, तुमी दांडीच नीट वढली नसन. बायांना त्यातलं काय कळतंय?" मी उघडलेल्या गोळ्याचे फोटो दाखवले. मग म्हणाले की पुण्याकडचे एक गिऱ्हाईक आले होते, या गाड्या बनणे बंद झाल्यामुळे सामान मिळत नाही, त्याला घाई होती, म्हणून माझ्या गाडीतले काढून दिले. "तिकडं लोक हौसेनं चिखलात गाड्या घालतेत, त्याचा खेळ असतोय. तुमची तर शाळेपुरतीच फिरती. दिवाळीला दुसरं सामान बसवून देणारच होतो. तुमाला कळलंबी नसतं."

बन्सीधरमामा म्हणाले, "मला कळलं ना."

त्यावर होगे यांनी आम्हाला चहा मागवला. आम्ही घेतला नाही.

नंतर होगे यांच्या वतीने दोन माणसे माझ्या घरी आली. ती म्हणाली की साप चावलेले माणूस तसेही जाते, केस करून काय मिळणार, दोन्हीकडचे सामान नवे बसवून देऊ. मी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतले नाही. बायनाबाई जाणारच होत्या की नाही हे मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नक्की सांगता आले नाही. पण त्यांना सेलूला न्यायला माझ्याकडे गाडी होती आणि ती गाडी होगे यांनी आतून रिकामी केली होती, हे मला माहीत आहे. मला न सांगता, रस्त्यावर काही होईल याचा विचार न करता.

गाडी पंचनाम्यासाठी जमा करून घ्यावी लागेल असे मला सांगण्यात आले. माझी हरकत नाही. योगीराज होगे यांच्यावर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी. बन्सीधर गिराम हेही जबाब देण्यास बाहेर बसलेले आहेत.

लिहून झाल्यावर जबाब मला वाचून दाखवला. त्यात "माझ्या हातून गाडी चिखलात फसली" असे वाक्य आले होते. मी तसे सांगितलेले नव्हते. ते खोडायला लावले, वर "पुढच्या चाकांना जोर मिळत नसल्याने गाडी अडकली" असे लिहून घेतले आणि खाडाखोडीजवळ सही केली. आता जे आहे ते मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे.