वखारीच्या वरच्या दारातली हाक

ऐका. आधी त्या कंदिलाची वात जरा वर करा. हां.

माझी आत्या सोनाबाई सांगलीला दिलेली. नवरा पिराजी हळदीच्या वखारीवर राखणदार. इंग्रजांच्या काळातल्या दगडी वखारी त्या, दुमजली, एकीला एक चिकटून. वरच्या मजल्याला रस्त्याच्या अंगाला नुसतं दार. पुढं कठडा न्हाई, काय न्हाई! साखळीनं पोती वर ओढायची, त्यासाठी ते. पिराजीची पहिली बायको हौसा त्याच दारातनं पडून मेलेली.

आत्या नवी नवरी. दिवेलागण झाली, नवऱ्याची भाकरी बांधली, वखारीकडं निघाली. वखारींमधल्या बोळात शिरली न शिरली, तोच कुणीतरी विचारलं, "भाकरी कुणाची गं?"

बघती तर कुणी न्हाई!

चार पावलं गेली. "माझ्या नवऱ्याची?" आता अगदी कानाशी!

आत्या पळाली. पळत पळत वखारीत शिरली. तर माडीवर काकणं वाजली. आन पिराजी हसला. लाडात हसला हो, कुणाशी तरी!

झालं! भीती कुठल्या कुठं गेली. अंगाचा नुसता भडका. "कोण सटवी हाय ती?" म्हणत आतला जिना चढली. वर अंधार. समोर दाराची चौकट, चौकटीत पिराजी पाठमोरा, खांद्यावर बाईचा हात. आत्या धावली. तो हातच उपटणार होती ती!

तेवढ्यात पाठीमागनं हाक आली, "पिरूऽऽ!"

आन खालनं, रस्त्यावरनं, पिराजीचा आवाज, "ओ!"

तो खाली, मग चौकटीत कोण? कुणी न्हाई! आत्याचा एक पाय हवेत! भाकरी खाली गेली. साखळी हाताला लागली म्हणून वाचली. पिराजीनं धावत येऊन आत ओढली.

हौसेनं हाक कशाला मारली? अहो, सवत पडताना त्यानं बघावं म्हणून!

तेव्हा बाबांनो, अंधार पडल्यावर त्या बोळानं जायचं न्हाई. कुणी कितीबी बोलवू दे.

आत्या घरी येईस्तोवर रडली. म्हणाली, "मला ह्यांचं नाव घ्यायची चोरी. तिनं पिरू म्हटलं, आन ह्यांनी लगेच ओ दिली."

पिराजीनं नोकरी सोडली. तरी आत्या त्याला जन्मभर त्या रस्त्यानं जाऊ देईना. भुताच्या भ्यानं म्हणता? छे! पुन्हा हाक आली, तर हा पुन्हा ओ देईल म्हणून.