वरची कडी

आई : ...अडीच... पावणेतीन... तीन! उघड बघू आता.

भिंगरी : तू तीन म्हणालीस तरी मी नाही उघडणार.

आई : भिंगरे, हा खेळ नाहीये. मी इथे गॅलरीत, तू आत, आणि गब्बू आत. कोण बघणार त्याच्याकडे? काढ ती कडी.

भिंगरी : मी बघतेय ना. मी पाच वर्षांची आहे.

आई : वरच्या कडीला तुझा हात पोचला तरी कसा?

भिंगरी : स्टूल घेतलं. आणि टाचा वर केल्या. तूच सांगितलंस ना, गब्बू रांगायला लागलाय, गॅलरीचं दार उघडं दिसलं की लगेच लावायचं.

आई : अगं पण मी बाहेर असताना नाही गं बाई! ...बरं. चुकलं माझं. शहाणी ती माझी मुलगी, सांगितलेलं लक्षात ठेवते. आता परत स्टुलावर चढ आणि कडी काढ.

भिंगरी : नको.

आई : गब्बू काय करतोय? मला दिसत नाही इथून.

भिंगरी : सोफ्यामागे आहे. तुझी चप्पल चाटतोय.

आई : चाटू दे. ऐक, आधी एक काम कर. बाथरूमचं दार लाव. टबात कढत पाणी काढून ठेवलंय मी, त्याच्या अंघोळीचं. गार मिसळायचं राहिलंय. कळलं? हात घातला तर भाजेल त्याला. जा, दार लाव.

भिंगरी : ते दार लागतच नाही. फुगलंय. बाबा आल्यावर तासणार आहे.

आई : बाबा जहाजावरून यायला दीड महिना आहे! गुडघा लावून ढकल, मी ढकलते तसं.

भिंगरी : ढकललं होतं मी सकाळी. नाही लागत.

आई : मग गब्बूला उचल आणि त्याच्या कॉटमध्ये ठेव.

भिंगरी : तो मला उचलवत नाही. तूच म्हणतेस, बटाट्याचं पोतं आहे म्हणून.

आई : अगं माझे आई... उघड दार! उघड! उघड म्हणते ना! फोडून काढीन हे दार, भिंगरे!

खालचे काका : अहो! अहो, वरच्या बाई! पुन्हा सुरू झाली का धाडधाड? दुपारचे चार वाजलेत. माणसानं झोपायचं कधी?

आई : काका! काका, इकडे वर बघा! मी गॅलरीत अडकलेय. मुलीनं आतून कडी घातलीय!

खालचे काका : काय घातलंय?

आई : कडी! गॅलरीच्या दाराची! आत आठ महिन्यांचं बाळ आहे, सुटं. बाथरूममध्ये टबभर कढत पाणी आहे. पाया पडते तुमच्या, काहीतरी करा.

खालचे काका : पुढच्या दाराची किल्ली आहे का कुणाकडे?

आई : एक माझ्या पर्समध्ये, ती आत. दुसरी ह्यांच्याकडे, ते समुद्रात. फोनपण आतच राहिलाय.

खालचे काका : मुलगी उघडेल का मला पुढचं दार?

आई : लॅच उंच आहे. आणि तुमच्यासाठी... तुमच्यासाठी ती नाही उघडायची.

भिंगरी : तो खडूस म्हातारा आहे ना, आई? तूच म्हणालीस. तोंड बघायला नको म्हणालीस.

आई : गप्प बस गं!

खालचे काका : बोलू द्या. ऐकू येतंय मला. आग विझवणाऱ्यांना फोन करतो, त्यांच्याकडे शिडी असते. तोवर दार बडवू नका. पोर घाबरेल.

आई : भिंगरी. भिंगू. इथे ये, काचेजवळ ये. मी नाही रागावणार. मी खाली बसलेय बघ, तुझ्याएवढी झालेय. सांग मला, का लावलंस दार? टॉवेल काढायला आले होते मी. दोन मिनिटं.

भिंगरी : तू टॉवेल काढत नव्हतीस. रडत होतीस. टॉवेल तोंडात धरून.

आई : ...बरं, रडत होते. म्हणून लावलंस?

भिंगरी : नाही. तू रोजच रडतेस.

आई : मग?

भिंगरी : तू मावशीला फोनवर सांगितलंस सकाळी. मला कुठंतरी निघून जावंसं वाटतं म्हणून. परत यायलाच नको असं. मी टेबलाखाली होते.

आई : अगं...

भिंगरी : गॅलरीतून कुठेच जाता येत नाही. आत आलीस की मोठ्या दारातून जाशील. म्हणून तू तिथेच राहा. मी तुला बिस्किटं देईन. खालच्या फटीतून जातात, मी बघितलं घालून.

आई : नाही गं जाणार मी. तुम्हाला टाकून कुठं जाईन? शप्पथ.

भिंगरी : तू खोटं सांगतेस. डॉक्टरकडे पण म्हणालीस, सुई नाही टोचणार. आणि टोचली.

आई : ते वेगळं होतं.

भिंगरी : टोचली ना पण?

आई : टोचली.

खालचे काका : बाई! फोन झाला. वीस मिनिटं लागतील म्हणतायत. रस्त्यात गर्दी आहे.

आई : वीस मिनिटं! काका, तो आता झोपेतून उठलाय, ताजातवाना. वीस मिनिटांत सगळं घर फिरून येतो तो!

खालचे काका : मग मुलीशी बोला. माझ्याशी बोलून काय होणार? आणि बोलायचं ते खरं बोला. पोरांना खोट्याचा वास येतो.

आई : भिंगरी, ऐक. हो, मी म्हणाले तसं. आणि खोटं नव्हते म्हणाले. तेव्हा खरंच वाटलं होतं. रात्रभर गब्बू रडला, सकाळी तू दूध सांडलंस, तेच पुसताना मावशीचा फोन आला. वाटलं, फडकं इथेच टाकावं आणि चालायला लागावं. चपलासुद्धा न घालता.

भिंगरी : दूध मी मुद्दाम नव्हतं सांडलं.

आई : माहितीये मला. तुझ्यामुळे नाही गं. मी दमलेय. मोठी माणसं एवढी दमली की कायच्या काय बोलतात. पण मग फडकं पिळलं मी, वाळत घातलं, तुझी वेणी घातली. गेले का कुठे?

भिंगरी : नाही.

आई : आणि आता विचारशील तर मला फक्त आत यायचंय. जन्मात कधी कुठे जायची एवढी घाई झाली नव्हती मला. गब्बू दिसतोय का तुला?

भिंगरी : सोफ्यामागे आहे.

आई : नीट बघ. वाकून.

भिंगरी : चप्पल आहे.

आई : आणि गब्बू?

भिंगरी : गब्बू नाहीये.

आई : बाथरूम! पळ! भिंगरी, पळ! गब्बूऽऽ! ए गब्बू! इकडे बघ रे, आई इकडे आहे! भिंगरी, बोल काहीतरी! काय दिसतंय?

भिंगरी : आई! आई, गब्बू उभा राहिला!

आई : काय?

भिंगरी : टबाला धरून! आपला आपला! दोन पायांवर!

आई : धर त्याला! मागून धर, कपड्याला धरून ओढ! पाण्यात हात नको घालू तू, नुसतं त्याला ओढ! पडला तर पडू दे! भिंगरी! ओढलंस का? भिंगरी, बोल ना गं! देवा, बोल...

खालचे काका : काय झालं? बाई, काय झालं?

आई : काही ऐकू येत नाहीये. काका, काहीच ऐकू येत नाहीये मला...

खालचे काका : थांबा. मला येतंय. रडतोय. माझ्या छताला कान आहेत. मोठ्यानं रडतोय. चांगलं रडणं आहे.

भिंगरी : मी पायाला धरून ओढलं त्याला. डोकं आपटलं लादीवर. मी मुद्दाम नाही आपटलं!

आई : आपटू दे. शाबास. शाबास गं माझी वाघीण. पाणी लागलं का त्याला कुठे? लाल दिसतंय का?

भिंगरी : नुसतं तोंड लाल आहे. रडून.

आई : रड रे बाबा, रड, गळा काढून रड. आता त्याला ओढत ओढत माझ्याकडे आण. काचेपाशी. पाय सोडू नकोस.

भिंगरी : आणला.

आई : दिसला. दिसला मला. आता स्टुलावर चढ, सोन्या. उघडशील ना?

भिंगरी : मी त्याला सोडलं की तो परत जाईल. आता त्याला उभं राहता येतं.

आई : नाही जाणार. मी धरून ठेवते इथून. गब्बू! भोऽऽक! बघ, आई कुठे गेली? भोऽऽक! हसला बघ. तू चढ. भोऽऽक!

भिंगरी : चढले. कडी हलत नाही.

आई : हलेल. जोर लाव. मी पण ढकलते दार. भोऽऽक, गब्बू!

भिंगरी : हलतच नाही! आता आणखी घट्ट झाली! बोट दुखतंय, आई!

आई : मगाशी मीच बडवून बडवून अडकवलं वाटतं. काका! कडी निघत नाहीये!

खालचे काका : तुम्ही दार ढकलताय?

आई : मग काय करू?

खालचे काका : हात काढा आधी. माझ्याकडे अस्संच दार आहे, बिल्डरनं सगळ्यांना एकाच मापाचा ताप दिलाय. ढकललं की कडी भोकात तिरपी बसते. तुम्ही उलटं करा. मूठ धरून दार आपल्याकडे ओढून घ्या, घट्ट, बंद करताना ओढतो तसं. मग पोरीला सांगा, जोर नाही लावायचा. एका बोटानं सरकवायची. चाळीस वर्षं घड्याळं उघडलीत मी. जोरानं एकही उघडलं नाही.

आई : भिंगरी, मी म्हणेपर्यंत हात नको लावू. ओढते मी... भोऽऽक, राजा, इकडे बघ, तिकडे नाही... हं. आता. एका बोटानं. हळू.

भिंगरी : आई.

आई : काय गं? सरकव ना.

भिंगरी : परत म्हणशील का तू तसं?

आई : म्हणेन कदाचित. दमले की म्हणेन. मी म्हणाले की तू टेबलाखालून बाहेर यायचं आणि विचारायचं, खरं का खोटं. मी खरं ते सांगेन. सुई टोचणार असतील तर टोचणार म्हणून सांगेन.

भिंगरी : आणि जाणार असशील तर?

आई : तर... तर आधी तुला विचारीन. आणि तू नाही म्हणशील.

भिंगरी : मी नाहीच म्हणणार.

आई : मग झालं तर. ओढलंय मी दार. हात भरून आलाय माझा. सरकव.

(कडीचा आवाज.)

आई : ये. या दोघं. इकडे या. डोकं बघू, राजा. टेंगूळ आलंय मोठं. असू दे. बोट बघू तुझं, भिंगरी.

भिंगरी : तू रडतेस.

आई : हो. हे वेगळं आहे.

खालचे काका : बाई! उघडलं का?

आई : उघडलं, काका! त्या शिडीवाल्यांना नको म्हणून कळवा. आणि... काल मी बोलले तुम्हाला दारात. कानात बोळे घाला म्हणाले.

खालचे काका : घातले होते की, तुमची हाक आली तेव्हा काढले. म्हणून मघाशी वेळ लागला ऐकायला. ...काल मी आवाजाची तक्रार करायला नव्हतो आलो. तुमचं रडणं येतं खाली रोज, गॅलरीतून. म्हटलं विचारावं, काही हवंय का. तुम्ही दार उघडलंत आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. एकट्यानं राहून जीभ गंजलीय माझी.

आई : मला वाटलं...

खालचे काका : वाटणारच. रोज चार ते पाच मोकळा असतो मी. बाळ धरता येतं मला, हात थरथरत नाहीत अजून. तुम्ही त्या वेळात झोपा.

भिंगरी : तो खडूस नाहीये का मग?

खालचे काका : आहे! पण पाचनंतर!

आई : आधी ते पाणी ओतून टाकते. भिंगरी, खरंच उभा राहिला गं हा? मी नाही पाहिलं.

भिंगरी : खरंच. माझ्याकडे बघून हसला पण. मग मी ओढलं.

आई : बरं केलंस. चल, तो बघ निघाला परत. उघडं दार बरोबर दिसतं त्याला.

भिंगरी : मी लावते. थांब, स्टूल ओढते. ...आई?

आई : काय गं?

भिंगरी : तू आत आहेस ना?

आई : आत आहे.

भिंगरी : मग लावते.