सीडीची खाच

नव्या लॅपटॉपच्या हलकेपणाचे तुम्ही कौतुक करता, म्हणून सांगतो. आमच्या रनाळ्याच्या मंदिरात दिवंगत विणेकरीबुवांच्या आवाजातील काकड आरती वर्षानुवर्षे सीडीवर लागे. मंदिराचा जुना लॅपटॉप निकामी झाला, म्हणून मी नवा आणायला नंदुरबारला गेलो.

"यात सीडी कुठे घालायची?" मी विचारले.

दुकानदार म्हणाला, "गुरुजी, कंपनीनी ती खाच काढी टाकी. आते सीडी कोन लावस?"

"आम्ही लावतो. रोज पहाटे."

"पन लॅपटॉप कितला हलका व्हयना, देखा ना!"

"मला तो उचलायचा नाही, त्यावर आरती ऐकायची आहे."

मी रागाने रिकाम्या हाती परतलो. दुसऱ्या पहाटे सारी मंडळी आरती तोंडानेच म्हणायला उभी राहिली. तिसऱ्या ओळीनंतर पुढचे शब्द कोणालाच येईनात, मलादेखील.