मावशीला आलेला व्हिडिओ कॉल

त्या दिवशी मी जेवढी घाबरले ना, तेवढी आयुष्यात कधी नाय. माझी मावशी गारखेड्यात एकटी राहते. तिला व्हिडिओ कॉल उचलायला मीच शिकवलं होतं. त्या दिवशी सकाळपासून तिचा फोन सारखा बिझी. शेवटी दुपारी शेंद्र्याच्या कंपनीतून सुट्टी टाकून तिच्याकडं गेले. लई वेळ दार वाजवल्यावर तिनं फटीएवढं उघडलं आणि कुजबुजली, "बोलू नको. तुलाबी धरतील."

आत टेबलावर फोन उभा. त्यात वर्दीतला माणूस ओरडत होता, "कौन आया? कैमरे के सामने बैठो!"

मावशीच्या नावाच्या पार्सलात काहीतरी सापडलंय, उठलीस तर अटक, असं त्यानं तिला सांगितलेलं. सकाळपासून ती पाणीसुद्धा न पिता बसली होती.

माणूस खोटा आहे हे मला कळत होतं, तरी वर्दी बघून मी आधी कॅमेऱ्यापासून बाजूला सरकले. मग हात लांब करून लाल बटण दाबलं.

"आता येतील गं ते!" मावशी रडायलाच लागली. जिन्यात पावलं वाजली की आम्ही दोघी दचकायचो. कुणीच आलं नाय.

संध्याकाळी मी विचारलं, "मावशी, तूच का नाही गं कापलास फोन?"

ती म्हणाली, "आपल्यालाबी कापता येतो व्हय? मला वाटलं, ज्यानं लावला त्यानंच बंद करायचा असतो."