सरदार गप्प बसत नाहीत

—तर बसा हो कॅप्टनसाहेब! तुमची माणसं झडती घेताहेत ना, घेऊ देत की, कर नाही त्याला डर कशाला! सून घरात नाही, सांगितलं ना — तान्ह्या नातीला घेऊन परवाच माहेरी गेली. मुलानं तुमच्याविरुद्ध बंड केलं म्हणून त्या दोघींना धरून न्यायचं, हे काही — बरं, राहिलं. कुठं होतो मी? हां, रणात! धड्डाम्! शत्रूचा गोळा आला आणि मी तो टोपीत झेलला — लालबुंद! म्हटलं फुकट कशाला घालवा, टाकला हौदात, आणि अख्खी पलटण त्या कढत पाण्यानं न्हाऊन लढाईला उभी! हसा की. सगळे हसतात. एक सूनबाई सोडून — ती म्हणते, मामंजी, पाळण्याशेजारी तरी तोफा डागू नका — म्हणजे म्हणायची. जायच्या आधी.

पाळण्यात काय बघताय? रिकामाच आहे तो. दुपटं गरम लागतंय? ऊन येतं हो तिथं, खिडकीतून — आज ढग आहेत? असतील — धड्डाम्! आणि माझी घोडी उधळली! अशी पळाली, अशी पळाली, की आम्ही राजधानीत पोचलो, जेवलो, झोपलो, आणि आमची सावली आली दुसऱ्या दिवशी — धापा टाकत! तिला वेगळा चारा घालावा लागला — अहो, त्या कपाटाला नका टेकू, जुनं आहे, अंगावर येईल. इकडे या, या खुर्चीत.

ओरडतो? मी असाच बोलतो. लोक म्हणतातच, सरदार म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. हळू नाही हो जमत. गप्प? अगदी गप्प? पिस्तूल कशाला काढताय, साहेब — हे बघा, खरं सांगतो. मी एकही लढाई लढलेलो नाही. तोफ पाहिली ती लांबून, तीसुद्धा कानांत बोटं घालून. झालं समाधान? हवं तर गावभर सांगा, हसू देत लोकांना. पण मला बोलू द्या. पाया पडतो तुमच्या, बोलू द्या — जन्मल्यापासून माझ्या आवाजातच झोपते ती, मी जरा थांबलो की दचकून उठते आणि—

घोडी. घोडीचं सांगतोय मी. घोडी, साहेब. तिकडे कुठं निघालात, ऐका ना — धड्डा—